वाघाची शेपूट

आमच्या नाटक मंडळीने लहान मुलांसाठी तीन नाटकं केली. त्यातली दोन पडली. तिसरं चाललं, आणि ते का चाललं याचं खरं कारण मला आणि एका शेळीवाल्या बाईला सोडून फारसं कुणाला माहीत नाही. मंडळी आता मोडली, मालकही गेले, तेव्हा लिहून ठेवायला हरकत नाही.

मंडळी लहान होती. दोन बैलगाड्या, अकरा माणसं, एक पडदा. पौडला आमचं बिऱ्हाड असे आणि दिवाळीपासून होळीपर्यंत आम्ही मुळशी पेट्यातल्या गावांतून फिरत असू, होळीनंतर पावसापर्यंत लांबच्या गावांना जात असू. माझ्याकडे स्वयंपाक आणि कपडेपट, अशी दोन्ही कामं होती. वहाणा काढून चुलीपुढे बसायचं, जेवणं झाली की हात धुऊन सुई घ्यायची. शिवाय नाटकांच्या नकला, म्हणजे नटांना पाठ करायच्या प्रती, मीच उतरवून काढत असे, कारण मंडळीत माझंच अक्षर वाचता येण्याजोगं होतं. रंगमंचावर बाईने पाय ठेवायचा नाही असा मालकांचा नियम होता. मला त्याचं काही वाटत नसे. वर जाऊन नाचण्यापेक्षा खाली मला पुष्कळ काम होतं.

माझा दादा त्याच मंडळीत नायिकेची कामं करी. वीस वर्षं केली. मी त्याला लुगडं नेसवायची, निऱ्या घालून द्यायची. तो शालूचा पदर खांद्यावर घेऊन मान जरा खाली घाली, की समोरची माणसं श्वास रोखून धरत. पुढे तो अडतीस वर्षांचा झाला. पोट सुटलं, आणि वरच्या सुरात आवाज चिरकायला लागला. मालकांनी नायिकेसाठी हडपसरकडचा एक कोवळा पोरगा आणला, आणि दादाकडे दासी, म्हातारी राणी, देवळातली पुजारीण असली कामं आली.

मालक स्वतः पेटी वाजवत. नटाची किंमत ठरवायचं त्यांचं एकच माप होतं, वन्समोर. गाणं आवडलं की लोक ‘वन्समोर’ ओरडत आणि गाणाऱ्याला ते पुन्हा म्हणावं लागे. तो ओरडा झाला की मालक मान न उचलता पेटीवर सुरुवातीचा सूर धरत. तो सूर म्हणजे त्यांची शाबासकी. तोंडाने त्यांनी कधी कुणाला बरं म्हटलेलं मला आठवत नाही. दादाला असा सूर मिळून दोन वर्षं झाली होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर मालकांनी त्याला स्पष्ट सांगितलं. मी तिथेच तांदूळ निवडत बसले होते.

“बुवा, होळीला मंडळी नव्याने बांधायची आहे. तोवर एक वन्समोर आणा. कुठल्याही गावात, कुठल्याही नाटकात. नाही आला, तर तुम्ही आपलं बघा.”

“आपलं बघा” म्हणजे कुठे, हा प्रश्न होता. आमचं गाव वरच्या खोऱ्यात होतं. धरणाचं पाणी चढलं आणि त्यात आमचं घर, शेत, भाताची खाचरं सगळं गेलं. उरलेले भाऊबंद वाट फुटेल तिकडे पांगले. दादाला गाडीतून उतरवलं असतं तर मलाही उतरावं लागलं असतं, आणि उतरून जायला दोघांनाही उंबरठा नव्हता. मी तांदूळ निवडत राहिले. खडे त्या दिवशी जरा जास्तच निघाले.

मुलांच्या नाटकांची कल्पना पौडच्या शाळेच्या मास्तरांची. त्यांचं म्हणणं असं की मोठ्यांची संगीत नाटकं रात्री होतात, पोरं मांडीवर झोपतात, त्यांना काही कळत नाही. दुपारी मुलांसाठी काहीतरी करा, मी लिहून देतो. मालकांना दुपारचा वेळ रिकामाच होता, म्हणून ते हो म्हणाले.

पहिलं नाटक ‘मिठाचा राजवाडा’. एक गर्विष्ठ राजा मिठाचा राजवाडा बांधतो आणि शेवटच्या अंकात पाऊस येऊन तो वितळतो. मास्तरांना वाटलं, मुलं शेवटाला चकित होतील. भुकूमला पहिला प्रयोग झाला. राजाने नुसतं “मी मिठाचा राजवाडा बांधीन” म्हटलं आणि पुढे बसलेली एक पोर उभी राहून म्हणाली, “आवो, पावसात मीठ उघडं ठिवत्यात व्हय? पार पानी हुईल त्येचं!” बाकीची पोरं “व्हय व्हय” करायला लागली. मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय, ज्यांच्या घरी मिठाचं मडकं चुलीवरच्या फळीवर झाकून ठेवतात, त्यांना ही गोष्ट तीन अंक सांगणं फुकट होतं. पहिल्या अंकातच राजा मूर्ख ठरला आणि पुढचे दोन अंक पोरं त्याला सल्ले देत बसली.

दुसरं, ‘राजाची झोप हरवली’. राजाला झोप येत नाही म्हणून सगळं राज्य हैराण, आणि शेवटी एक गुराखी त्याला झोपवतो अशी गोष्ट. आमचा राजा झालेला नट आदल्या रात्री मोठ्यांच्या नाटकात पहाटेपर्यंत उभा होता. दुपारी त्याला मऊ गादी मिळाली. पहिल्याच प्रवेशात तो असा घोरायला लागला की प्रधानाने तीनदा हलवलं तरी उठेना. झोप हरवलेला राजा घोरतोय म्हटल्यावर नाटकात काही उरत नाही. मालकांनी तीन प्रयोगांत ते बंद केलं.

तिसऱ्याला त्यांचं मन नव्हतं. मास्तर हट्टी, म्हणून झालं. नाव ‘वाघाची शाळा’. एक म्हातारा, दात पडलेला वाघ शाळा काढतो, म्हणजे करडं-वासरं आपणहून येतील आणि खाता येतील. पण शिकवता शिकवता त्याला शिकवण्याचीच गोडी लागते, आणि खायची वेळ येते तेव्हा विद्यार्थी त्याला इतके प्रश्न विचारतात की तो उपाशीच राहतो. शेवटी वाघाचं एक गाणं. वाघ कुणी व्हायचं, यावर कुणी पुढे आलं नाही. मालक म्हणाले, “बुवांना द्या. तोंड झाकलेलंच असणार, आवाज कसाही चालेल.”

दादाने माझ्याकडून नक्कल घेतली आणि पाठ करायला बसला.

वाघ मी केला. मुंडकं कागदाच्या लगद्याचं, कीड लागू नये म्हणून त्यात मेथीचं पीठ. अंगाचं कापड पळसाच्या फुलांच्या पाण्यात रंगवलं आणि त्यावर काजळीचे पट्टे ओढले. शेपटीसाठी अंबाडीचा जाड दोर घेतला आणि त्यावर कापड गुंडाळलं. शेपूट लोळायला नको, जरा ताठ हवी, म्हणून कापडाला खळ द्यायची होती. खळीसाठी वेगळं पीठ शिजवायचं म्हणजे सरपण आणि वेळ दोन्ही जातात. सकाळची तांदळाची पेज शिल्लक होती. मी तीच चोपडली. दर प्रयोगाला शेपूट मळायची, दर वेळी धुवायची आणि सकाळची उरलेली पेज चोपडायची, असं सुरू झालं. पेज आम्ही मीठ घालून खात असू, हे माझ्या लक्षात आलं नाही. स्वयंपाक आणि कपडे दोन बायकांकडे असते तर हे झालं नसतं.

पहिले दोन-तीन प्रयोग बरे झाले, पण शांत. पोरं तोंडं उघडी ठेवून बघत, आणि वाघाचं गाणं संपलं की तशीच बसून राहत. दादा गाणं म्हणे, मालक पेटी वाजवत, शेवटचा सूर हवेत विरे आणि कुणी काही ओरडत नसे. गावच्या पोरांना वन्समोर म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. मागून कुणीतरी “झालं व्हय?” म्हणे आणि सगळी उठत.

होळीला बारा-तेरा दिवस उरले होते, तेव्हा आम्ही कासारसाईला गेलो. देवळापुढे दगडी ओटा होता, तोच रंगमंच. विंगा नाहीत, पडदा दोन बांबूंना बांधलेला. दुपारी तीनच्या सुमाराला पोरं जमली. माळावरून शेळ्या-मेंढ्या घेऊन एक बाई आली आणि कळप ओट्याच्या बाजूला उभा करून स्वतः पुढे बसली. धनगराची बाई, चाळिशीतली, हातात काठी. मी तिला म्हटलं, “बाई, शेळ्या जरा लांब उभ्या करा.”

“कशापायी? मी बगतिया, त्या बी बगत्यात. तुमी काय त्यांच्याकडनं पैका मागनार हाय व्हय?”

मी वाद घातला नाही. माझं लक्ष दुसरीकडे होतं. मला वाटलं, पोरांना माहीतच नाही तर ती ओरडणार कशी? कुणीतरी सांगायला हवं. मी पुढच्या रांगेपाशी गेले आणि म्हणाले, “नाटकात जे पुन्हा बघावंसं वाटेल, त्याला ‘वन्समोर’ म्हणून ओरडायचं. मग ते पुन्हा करून दाखवतात.”

“काय बी?” एका पोरीने विचारलं.

“काय बी,” मी म्हणाले. ‘गाणं’ म्हणायला हवं होतं. घाईत राहून गेलं.

नाटक सुरू झालं. दुसऱ्या प्रवेशात वाघ मुलांकडे पाठ करून, चार पायांवर, फळ्यावर अक्षर काढतो. मी पडद्याच्या कडेला उभी होते. एक तांबडी शेळी कळपातून निघाली, ओट्यावर चढली, वाघाच्या मागे गेली आणि शेपटीचं टोक तोंडात धरून चघळायला लागली. पोरं आधी गप्प झाली. मग एकच ओरडा: “शेळी! शेळी!”

दादाला मुंडक्यातून मागचं काही दिसत नसे. त्याला वाटलं, विद्यार्थी झालेल्यांपैकी कुणीतरी ओढतंय.

“कोण ते? वर्गात उशिरा आलेल्याने दाराशी उभं राहायचं!”

शेळीने जोराने ओढलं. दादा हळूहळू वळला, आणि त्याने ती पाहिली. मला वाटलं, आता हा तिला हाकलणार आणि प्रवेश बिघडणार. त्याने हाकललं नाही. तो दोन पायांवर उभा राहिला, एक पंजा कमरेवर ठेवला, मान जरा खाली घातली, दुसऱ्या पंज्याने आपली शेपूट खांद्यावर ओढायचा प्रयत्न केला आणि नायिकेच्या आवाजात, वीस वर्षं ज्या आवाजात तो नायकाशी बोलत आला त्याच आवाजात, म्हणाला, “सोडा ना, सोडा माझा पदर! लोक बघतायत, काय म्हणतील!”

पोरं नुसती कोसळली. हसता हसता एकमेकांच्या अंगावर पडली.

शेळीवाली बाई काठी घेऊन उठली. “अगं ये टवळे! सोड त्येला! वाघ हाय त्यो, खाईल तुला!”

“बाई, मी कुठला खातो?” दादा लाजत म्हणाला. “मलाच खातायत.”

“मग तू कसला रं वाघ? शेळीला भेतुस?”

“भितो, बाई. तिचे दात बघा आणि माझे बघा.”

बाईला हे खरंच वाटलं की काय कोण जाणे. तिने वर चढून त्याच्या मुंडक्याच्या तोंडात वाकून पाहिलं. मी कागदाचे दात लावलेच नव्हते, वाघ म्हातारा होता. “खरंच की गं बया,” ती प्रेक्षकांकडे वळून म्हणाली, “एक बी न्हाई!”

तिने शेळीला शिंगाला धरून खाली ओढलं. तोवर शेपटीचा अर्धा भाग शेळीच्या पोटात गेला होता. नाटक पुढे जाणार, तेवढ्यात मघाची ती पोर उभी राहिली आणि तिने मी शिकवलेला शब्द काढला. मग सगळ्यांनी काढला. वन्समोर, वन्समोर, वन्समोर. ओट्याच्या मागच्या झाडावरचे कावळे उडाले.

मी मालकांकडे पाहिलं. त्यांनी सूर धरला नाही. ते पेटीवर हात आडवा ठेवून नुसते बसले होते. पण मागितलेला वन्समोर नाकारणं म्हणजे प्रेक्षकांचा अपमान, हेही त्यांचंच शिकवणं होतं. पोरं थांबेनात. शेवटी ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “शेपूट बांधा.”

“वर यावं लागेल मला.”

“दिसतंय मला ते. बांधा.”

अशी मी पहिल्यांदा रंगमंचावर चढले. बायका आत्मचरित्रांत असल्या प्रसंगाबद्दल बरंच लिहितात. मला आठवतं ते एवढंच की दगड तापलेला होता आणि मी वहाणा खाली काढल्या होत्या. गाडीतला दोराचा तुकडा मी उरलेल्या पेजेत बुचकळून आणला आणि वाघाच्या कमरेला गाठ मारायला लागले. शेळीवाली बाई शेजारीच शेळीला धरून उभी होती. तिने दोरावर बोट फिरवलं आणि चाटलं.

“मीठ घातलंय व्हय ह्यात?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“माज्या शेळीला कशापायी शिव्या खायला लावल्या मग?” ती म्हणाली. “मिठासाठनं ती तुमच्या अंगावरचं लुगडं बी खाईल.”

तिने शेळी सोडली. शेळीने शेपूट धरली. दादाने पदर मागितला. तीन वेळा हा प्रकार झाला. तिसऱ्यांदा शेळीचं पोट भरलं आणि ती आपणहून खाली उतरली, म्हणून थांबलं.

गाड्या भरताना मी मालकांना म्हटलं, “दादाला वन्समोर मिळाला. तीन.”

“कुणाला मिळाला?” मालक म्हणाले. “शेळीला मिळाला. वन्समोर गाण्याचा असतो, बाई. बुवांच्या गाण्याला पोरं बसून राहिली. उद्या मी गाडीत शेळी बसवू का?”

“मग शेळीला ठेवा,” दादा गाडीत मुंडकं ठेवत म्हणाला. “तिला लुगडं शोभेल की नाही बघा मात्र.”

मालक हसले नाहीत. पण लगेच नकारही दिला नाही. बैलाच्या मानेवर हात फिरवत म्हणाले, “पौडला शेवटचा प्रयोग आहे. शाळेच्या आवारात. तिथे बघू.”

शाळेच्या आवाराला गडग्याची भिंत होती, आणि मास्तर गुरं-शेळ्या आत येऊ देत नसत. मी त्यांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, “बाई, शाळा वाघाची असली तरी आवार माझं आहे.” तरी मी दुसऱ्या दिवशी कासारसाईची वाट चालले आणि त्या बाईला गाठलं. शेळी एका दिवसापुरती द्या, सांभाळून परत आणीन, म्हणाले. मास्तरांचं मग बघून घेतलं असतं.

“न्हाई द्यायची,” ती म्हणाली. “दिस भरल्यात तिचं. आज-उद्या व्यायील. त्या वाघाला म्हनावं, दुसरी बघ.” मग जरा थांबून तिने विचारलं, “त्यो मानूस कोन हाय तुमचा?”

“भाऊ.”

“लई लाजतुया. आमची थोरली सून बी येवढी लाजत न्हाई.”

परत येताना वाटभर ते माझ्या डोक्यात होतं. पोरं शेळीला हसली असतील, पण ही बाई रोज शेळ्या बघते. शेळीने काही खाल्लं याचं तिला काय नवल? तिने पाहिला तो लाजणारा वाघ. बिऱ्हाडी आले आणि दादाला सांगितलं, “शेळी मिळत नाही. तिच्याशिवाय कर.”

“शेळीशिवाय शेपूट कोण ओढणार?”

“तू ज्या नायकांना पदर सोडायला सांगायचास, त्यातले निम्मे धड हातही लावायचे नाहीत. तरी लोकांना दिसायचं ना ओढलेलं?”

“मग प्रयोगाआधी तू धर जरा,” तो म्हणाला.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी, गाड्यांच्या मागे, मी शेपूट धरून उभी राहिले आणि तो वळून वळून पाहत राहिला. मला कामं होती. भाकरी व्हायच्या होत्या.

“अगं, शेळीसारखी ओढ ना. तू पिळा घातलेलं धुणं ओढल्यासारखी ओढतेस.”

“मला तेच येतं.”

“बरं, सोड. तू नसतानाच जमतंय.”

आणि खरंच, मी सोडल्यावर जास्त बरं जमत होतं. मी असताना तो माझ्याशी जुळवून घेत होता. मी चुलीकडे गेले. तिथून मला दिसलं, की तो एकटाच अंगणात उभा आहे, शेपटीचं टोक मागे ताणलं गेलंय, आणि ते कुणी ताणलंय हे पाहायला माझी नजर त्याच्या मागे गेली. तिथे कोणी नव्हतं. तो कमरेने ताणत होता. वीस वर्षं नऊवारी लुगडं सांभाळलेली कंबर ती.

त्या दिवशी मी शेपटीला ताज्या पिठाची खळ केली. बिनमिठाची.

शाळेच्या आवारात दीडशेक मुलं असतील. कचेरीतल्या कारकुनांची, शेतकऱ्यांची, दुकानदारांची, आणि मागे भिंतीला टेकून त्यांचे बाप-काके. मालक पेटीपाशी. या वेळी मी कुणालाही काही शिकवलं नाही. एकदा शिकवून झालं होतं.

दुसरा प्रवेश आला. वाघ पाठमोरा झाला, अक्षर काढायला लागला, आणि मध्येच थांबला. त्याची शेपूट मागे ताणली गेली. “कोण ते? उशिरा आलेल्याने दाराशी उभं राहायचं!” मुलं गप्प. शेपूट पुन्हा ताणली गेली. तो वळायला लागला, अगदी सावकाश. मला वाटलं, फार सावकाश करतोय, पोरांना कळत नाहीये, घाई कर. हातातला सुईदोरा मी इतका घट्ट धरला होता की सुई बोटात गेली.

पुढच्या रांगेतला एक पोरगा शेजारच्याला मोठ्याने म्हणाला, “काय धरलंय त्येला?”

“शेळीनं,” शेजारचा म्हणाला. कासारसाईची गोष्ट पौडपर्यंत पोचली असावी.

“कुटं हाय शेळी?”

“ती काय, मागं. खातिया बघ.”

दादाने त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. शेळीच्या उंचीवर, तिच्या डोळ्यांत पाहावं तसं. पंजा कमरेवर गेला, मान खाली गेली. “सोडा ना, सोडा माझा पदर!”

आधी भिंतीला टेकलेली मोठी माणसं हसली. त्यांनी दादाला याच गावात शालू नेसून पाहिलं होतं, त्यांना तो आवाज ओळखीचा होता. मग मुलं हसली. तो त्या नसलेल्या शेळीला विनवत होता, रागावत होता, तिचे दात बघा म्हणत होता, आणि शेवटी ती सोडून गेली तेव्हा त्याने आपली शेपूट उचलून, चावलेलं टोक निरखून, पदरासारखी छातीशी धरली. त्या टोकाला काहीही झालेलं नव्हतं. मीच शिवलं होतं ते. तरी मला क्षणभर वाटलं, रात्री दुरुस्त करावं लागणार.

आणि मागच्या भिंतीकडून कुणीतरी म्हणालं, “वन्समोर!” मग पुढून मुलं. मग सगळं आवार.

दादा तसाच उभा राहिला. मी मालकांकडे पाहिलं. तिथे गाणं नव्हतं. पेटीला त्या प्रवेशात काही कामच नव्हतं, त्यांचे हात मांडीवर होते. त्यांनी मान उचलली नाही. डावा हात भात्यावर गेला, उजवा पट्टीवर, आणि त्यांनी सूर धरला. लांब, सरळ, जसा गाण्याला धरत तसा.

त्या सुरावर कुणाला काही गायचं नव्हतं. तो दादासाठी होता. दादाने तो संपेपर्यंत ऐकला, मग फळ्याकडे वळला आणि अक्षर काढायला लागला. मुंडक्यात त्याचं तोंड कसं झालं होतं ते मला माहीत नाही. शेपूट जरा थरथरत होती, पण ती मी त्या दिवशी सैल बांधली होती.

मालकांनी त्यानंतरही तोंडाने काही सांगितलं नाही. होळी झाली, धुळवड झाली. मंडळी नव्याने बांधायची म्हणजे कोण गाडीत बसतो आणि कोण नाही, एवढंच असतं. सकाळी गाडीवान सामान चढवत होता. दादाची ट्रंक अंगणात होती, आणि तिच्यावर त्याने स्वतःच मुंडकं ठेवलं होतं. मालक दातांत काडी घालत आले, दोन्हींकडे पाहिलं आणि गाडीवानाला म्हणाले, “बुवांची ट्रंक खाली घाल, वाघाचं मुंडकं वर. दबलं तर बाईंना पुन्हा करत बसावं लागेल.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि शेपट्या दोन करून ठेवा. पुढच्या वर्षी वरच्या गावांतही हे लावू.”

मी दोन केल्या. ‘वाघाची शाळा’ पुढे सहा वर्षं चाललं, शेळी कुठेच नव्हती. तिला तीन करडं झाली असं मला त्या बाईने नंतर पौडच्या बाजारात सांगितलं. वाघाला सांग म्हणाली. मी सांगितलं.

खळीला मी तेव्हापासून वेगळं भांडं ठेवलं, मोठं, कान तुटलेलं, म्हणजे चुकूनही कुणी त्यात जेवण करायचं नाही. ते अजून माझ्याकडे आहे. आता त्यात मी भांडी घासायची राख ठेवते.